बायको, बिऱ्हाड आणि मिशी



कोलकात्यातल्या मराठी-बंगाली श्रोत्यांपुढे आजचा विषय आहे विनोदी चित्रपटाचा पटकथालेखक. हा माणूस दाखवायला अवघड. गाणं गाजलं की गीतकाराचं नाव निदान रेडिओवर घेतलं जातं. रडवणाऱ्या चित्रपटाच्या लेखकाच्या गळ्यात हार पडतात. हशा मात्र सगळाच्या सगळा नटाच्या खात्यावर जमा होतो. 'अशी ही बनवाबनवी'मधली वाक्यं महाराष्ट्रात लग्नाच्या पंगतीपासून व्हॉट्सॲपवरच्या चित्रांपर्यंत फिरत असतात. कुणाची म्हणून विचारा, उत्तर येईल अशोक सराफची, लक्ष्याची (म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डेची). ती वसंत सबनिसांनी लिहिली आहेत असं सांगितलं, तर लोक "हो का?" म्हणतात आणि पुन्हा अशोक सराफवर येतात. आणि त्या गोष्टीचं मूळ बिऱ्हाड कोलकात्यात आहे, शैलेश दे नावाच्या बंगाली लेखकाच्या नाटकात आहे, असं पुढे सांगावं तर ती बनवाबनवीतलीच आणखी एक थाप वाटते.

थाप नाही. शैलेश दे यांचं 'जय मा काली बोर्डिंग' हे नाटक. त्यावरून १९५५ साली त्याच नावाचा बंगाली चित्रपट निघाला, त्यात भानू बंद्योपाध्याय होते. १९६६ साली हृषीकेश मुखर्जींनी त्याच कथेवर हिंदीत 'बीवी और मकान' केला. निर्माते आणि संगीतकार हेमंतकुमार, गाणी गुलजारांची, पडद्यावर विश्वजित, मेहमूद आणि केश्तो मुखर्जी. १९८८ साली सचिन पिळगावकरांनी ती गोष्ट मराठीत आणली. निर्माते किरण शांताराम, पटकथा-संवाद वसंत सबनीस. पुढे ती तेलुगूत आणि कन्नडमध्येही गेली. आपण मराठी माणसं बंगालमध्ये अठराव्या शतकात चौथाई वसूल करायला आलो होतो. इथल्या आया पोरांना 'बर्गी येतील', म्हणजे मराठे स्वार येतील, म्हणून निजवायच्या, आणि आमच्या भीतीनं खणलेल्या खंदकाचं नाव सांगणारी मराठा डिच लेन बागबाजारात अजून आहे. दोन शतकांनी पुन्हा आलो ते गोष्ट न्यायला. या वेळी कुणाला खंदक खणावा लागला नाही, एवढी सुधारणा म्हणायची.

तेव्हा आज एका माणसाचं चरित्र सांगण्यापेक्षा एका युक्तीचा माग काढतो. विनोदी पटकथाकाराची कारकीर्द त्याच्या जन्म-मृत्यूच्या तारखांत फारशी सापडत नाही. त्यानं रचलेला पेच कुठे कुठे जाऊन उभा राहिला त्यात ती सापडते.

आधी कोलकात्याचं घर. इथल्या मेसबाडीबद्दल तुम्हाला मी काय सांगावं? तरी मराठी वाचकांसाठी सांगतो. मुफस्सिलमधून कारकुनी, कॉलेज किंवा छापखान्यातली नोकरी धरून शहरात आलेले पुरुष एका घरात तक्तपोशांवर, म्हणजे लाकडी खाटांवर, राहतात, एकाच स्वयंपाक्याच्या हातचं खातात, एकाच नळापाशी भांडतात आणि शनिवारी गावी जातात. शरदिंदूंचा गुप्तहेर ब्योमकेश अशाच एका मेसमध्ये पहिल्यांदा भेटतो. विनोदी लेखक शिब्राम चक्रवर्तींचं बरंचसं आयुष्य मुक्ताराम बाबू स्ट्रीटवरच्या मेसच्या खोलीत गेलं. लिहून ठेवायच्या गोष्टी ते भिंतीवर लिहीत. १९४३ चा दुष्काळ, मग युद्धाचा शेवट, मग फाळणी. शहरात माणसं मावेनात. अशा शहरात जागा हा विषय करुणही होतो आणि हास्यास्पदही, आणि बंगाली लेखकांनी दोन्ही ओळखलं. पुरावा म्हणून एकच नाव पुरे आहे: बिजन भट्टाचार्य. १९४४ साली दुष्काळावरचं 'नबान्न' हे नाटक लिहिणारे हेच, आणि १९५३ च्या 'साडे चुआत्तर' या धमाल चित्रपटाची कथा लिहिणारेही हेच.

'साडे चुआत्तर' उत्तमकुमार-सुचित्रा सेन या जोडीचा पहिला चित्रपट म्हणून सांगितला जातो. ते खरं आहे, पण चित्रपट त्यांचा नाही. तो अन्नपूर्णा बोर्डिंगचे मालक रजनीबाबू झालेल्या तुलसी चक्रवर्तींचा आहे, आणि ढाक्याच्या बोलीत मावशीकडे मालपोवा मागणाऱ्या भानू बंद्योपाध्यायांचा आहे. पुरुषांच्या बोर्डिंगात एक कुटुंब तात्पुरतं राहायला येतं, त्यात एक मुलगी, आणि सगळं बोर्डिंग भांग पाडायला लागतं. इथे घर पुरुषांचं आहे आणि बाई हा पेच आहे. दोन वर्षांनी 'जय मा काली बोर्डिंग'च्या कथेनं हाच फासा उलटा टाकला: घर कुटुंबवत्सलांचं आहे आणि पुरुष हा पेच आहे. बायको असल्याशिवाय जागा नाही, आणि जागा असल्याशिवाय बायको कुठून येणार? मग मित्रांतलेच काही जण साडी नेसतात.

साडी नेसलेला पुरुष पाहून लोक हसतात हे कुणालाही सुचेल. शैलेश दे यांचं डोकं साडीत नाही, अटीत आहे. घरमालक दुष्ट नाही. त्याची अट त्याच्या दृष्टीनं अगदी रास्त आहे. भाडेकरू लबाड नाहीत. त्यांना फक्त डोक्यावर छप्पर हवं आहे. एका बाजूला मूर्ख पण सभ्य अट, दुसऱ्या बाजूला खरी गरज, आणि मध्ये एकच फट, ती खोट्यानं भरायची. नायक खोटं बोलतो तरी आपण त्याच्या बाजूनं असतो, कारण त्याला बोलायला लावलेलं असतं.

आणि हे योगायोगानं जमलं नव्हतं, याला दुसरा दाखला आहे. १९७९ चा 'गोलमाल' घ्या. तुम्हा-आम्हा सर्वांचा लाडका. त्याची मूळ कथाही शैलेश दे यांचीच. तिथे घरमालकाच्या जागी भवानीशंकर आहे, उत्पल दत्त यांनी अजरामर केलेला. ज्याला मिशी नाही त्याला चारित्र्य नाही, आणि तरुण माणसानं खेळाबिळात लक्ष घालू नये, ही त्याची अट. रामप्रसादला नोकरी हवी आहे. अमोल पालेकरांचा रामप्रसाद आखूड कुर्ता घालून मुलाखतीला जातो आणि कापड वाचवण्याचं तत्त्वज्ञान सांगतो. पेलेचा विषय निघतो तेव्हा यातलं आपल्याला काही ठाऊकच नाही असा चेहरा करतो. या प्रसंगाला कोलकात्यात जास्त हशा मिळाला असणार, असा माझा आपला अंदाज. पेले १९७७ च्या सप्टेंबरात ईडन गार्डन्सवर मोहन बागानविरुद्ध खेळून गेला होता; तो कोण हे ठाऊक नसलेला तरुण त्या वर्षी या शहरात शोधून सापडला नसता.

पुढचं तुम्हाला पाठ आहे. हॉकीच्या सामन्यात साहेब त्याला पाहतो, मग बिनमिशीचा जुळा भाऊ जन्माला घालावा लागतो, मग मेलेल्या आईला उभं करावं लागतं, आणि दीना पाठक खिडकीतून चढून आत येतात. सावकाराचं व्याज चढतं तसं एकेक खोटं चढत जातं. या हिशेबाचा कारकून होता सचिन भौमिक.

भौमिक कोलकात्याचे, १९३० चा जन्म. त्यांची यादी वाचली तर एकाच माणसाची वाटत नाही. हृषीकेश मुखर्जींचा 'अनुराधा' (१९६०), ज्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, 'आराधना' (१९६९), 'कर्ज', 'करण अर्जुन', थेट 'कोई मिल गया' आणि 'क्रिश'पर्यंत. २०११ साली मुंबईत ते वारले तेव्हा पन्नास वर्षं हिंदी चित्रपट त्यांच्या कथांवर चालत आला होता. त्यांच्या बहुतेक कामाबद्दल मला फार आदर नाही, हे सांगून टाकतो. पुनर्जन्म आणि हरवलेले भाऊ यांचा घाऊक व्यापार होता तो. पण 'गोलमाल'च्या पटकथेत त्यांनी जे केलं ते मोजक्यांना जमलंय: एकही पात्र फुकट नाही. डॉक्टरमामा, पोलीस, नट मित्र, बहीण, सगळे आधी साधेपणानं येऊन जातात आणि नेमके अडचणीच्या वेळी परत उगवतात. संवाद राही मासूम रझांचे. आणि दिग्दर्शन हृषीदांचं, म्हणजे हृषीकेश मुखर्जींचं, हे विसरून चालणार नाही. कोलकात्यात रसायनशास्त्र शिकून, काही काळ शिकवून, मग न्यू थिएटर्समध्ये छायाचित्रण आणि संकलन शिकलेला माणूस. १९५१ च्या सुमारास बिमल रॉय यांच्याबरोबर मुंबईला गेला. हसू आलं की प्रसंग तिथेच तोडायचा, प्रेक्षकाला दुसऱ्यांदा हसायची संधी मागायची नाही, हे संकलकाला कळतं. नटाला कधी कळत नाही.

त्या काळात ही वाहतूक रोजचीच होती. 'पाशेर बाडी'चा 'पडोसन' झाला, 'गल्प होलेओ सत्यि'चा 'बावर्ची', 'छद्मबेशी'चा 'चुपके चुपके'. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी शेक्सपियरवरून लिहिलेला 'भ्रांतिविलास' बंगाली पडद्यावरून फिरत गुलजारांच्या 'अंगूर'पर्यंत पोचला. मालगाडी एकाच दिशेनं धावत होती असंही नाही: राजा ठाकूरांचा मराठी 'मुंबईचा जावई' (१९७०) बासू चॅटर्जींनी 'पिया का घर' म्हणून हिंदीत नेला. चाळीतल्या एका खोलीत नवं जोडपं, आणि कायमचं कुणीतरी मध्ये. तोही जागेचाच विनोद. (आणि जाता जाता: तपन सिन्हांच्या 'गल्प होलेओ सत्यि'मध्ये रवी घोष यांनी केलेल्या नोकराचं नाव धनंजय. 'बनवाबनवी'त अशोक सराफांनी केलेले आपले धनंजय माने त्याच्या नात्यातले नसावेत, पण घरात शिरून सगळ्यांना गुंडाळायची विद्या दोघांनाही येते.)

आता वसंत सबनीस.

सबनिसांचा जन्म १९२३ चा, मृत्यू २००२ चा. चित्रपटात ते आले लोकनाट्यातून. 'छपरी पलंगाचा वग' त्यांनी लिहिला आणि तो 'विच्छा माझी पुरी करा' या नावानं दादा कोंडक्यांनी गावोगाव नेला. दीड हजारावर प्रयोग झाले. आशाताई भोसल्यांनी तो प्रयोग पाहिला, भालजी पेंढारकरांकडे दादांचं नाव घेतलं आणि दादा 'तांबडी माती'त दिसले. मग १९७१ मध्ये 'सोंगाड्या'. त्याची लेखणीही सबनिसांचीच. पण इथेही तेच: वग म्हटलं की दादा, 'सोंगाड्या' म्हटलं की दादा.

आता यात अन्याय झाला असं म्हणायला मी उभा राहिलेलो नाही. वगाच्या लेखकाचं कामच असं असतं की नटाला जागा करून द्यायची. गण, गवळण, बतावणी झाली की वग सुरू होतो. राजा, प्रधान, हवालदार, मैनावती ठरलेले, पेच ठरलेला, पण हवालदाराच्या तोंडी त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातलं काय येईल ते लेखकाला कळत नाही. लेखकानं घट्ट बांधायचा असतो तो पेच. तो सैल असला की नटाचा कितीही हजरजबाबीपणा वाया जातो, आणि घट्ट असला की नट चुकला तरी प्रयोग उभा राहतो. 'विच्छा'चा पेच काय आहे पाहा: वरचा माणूस मूर्ख आहे, खालच्याला पोट आहे, आणि खालचा वरच्याला बनवतो. शैलेश दे यांच्या घरमालकाला पागोटं घाला, राजा तयार. म्हणून १९८८ मध्ये कोलकात्याचा पेच सबनिसांच्या हाती आला तेव्हा त्यांना तो परका वाटला नसणार. आदल्याच वर्षी 'गंमत जंमत' लिहून त्यांनी सचिन पिळगावकरांच्या मंडळींचा सूर ओळखला होता.

पण घर मात्र नवं बांधावं लागलं. मेसबाडी पुण्यात आणून चालणार नव्हतं. पुण्यात वाडा होता, आणि वाड्यात मालक होता. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं या मालकाचे हात बांधून ठेवले होते: भाडं वाढवता येत नाही, शिरलेला भाडेकरू निघत नाही. १९६१ च्या पानशेतच्या पुरानं नदीकाठचे वाडे गेले आणि जागा आणखी महाग झाली. ज्याला माणूस बाहेर काढता येत नाही तो माणूस आत घेतानाच सतरा प्रश्न विचारतो. सुधीर जोशींचे विश्वास सरपोतदार हा त्या कायद्याचाच मानसपुत्र आहे. त्याचा संशय, पैशापैशाची आठवण, मधुमेहाच्या औषधासाठी दिलेल्या सत्तर रुपयांचा हिशेब, हे सगळं सदाशिव पेठेत सहज खपावं इतकं अस्सल आहे. 'बीवी और मकान' आज फारसा कुणाला आठवत नाही आणि 'बनवाबनवी' दर रविवारी कुठल्या तरी वाहिनीवर असतो, याचं निम्मं श्रेय मी सरपोतदारांना देतो. अट घालणारा ओळखीचा असला की पुढचं सगळं ओळखीचं होतं.

सबनिसांच्या कामाचा एकच नमुना जवळून पाहू. धनंजय माने इथेच राहतात का, असं दारात येऊन कुणीतरी विचारतं. मराठीतलं हे बहुधा सर्वात जास्त वेळा उच्चारलं गेलेलं चित्रपटीय वाक्य असेल. त्यात विनोद कुठे आहे? शब्दाची कोटी नाही, चावटपणा नाही, अतिशयोक्ती नाही. टपालवालाही हेच विचारतो. विनोद आहे तो वेळेत: मालक समोर ठाकलेला असताना, दुसरं कुणी येणार नाही असा शब्द दिलेला असताना, नेमक्या त्या क्षणी तो प्रश्न येतो. म्हणजे हशा त्या वाक्यानं नाही, त्याच्या आधीच्या पाच-सात मिनिटांनी मिळवलेला आहे. लक्ष्मीकांत बेर्डेंनी वाक्याला चाल दिली, ती तर अप्रतिमच. पण त्या दाराशी त्यांना त्या वेळी आणून उभं केलं लेखकानं. विनोदी संवाद लिहिणारे पुष्कळ असतात, आणि त्यांचे विनोद मी ऐकलेही आहेत. प्रत्येक वाक्याला टाळी मागतात आणि तासाभरानं माणूस थकतो. सबनीस साधी वाक्यं लिहून योग्य ठिकाणी ठेवत. जवळपास चाळीस वर्षं टिकणं हे त्या ठेवण्याचं फळ आहे.

आणि साड्या. साड्या दोन आहेत, आणि दोन वेगळ्या परंपरांतल्या आहेत, हे सहसा कुणी बोलत नाही. सचिनची सुधा दिसायला देखणी. ती नेसते ती बालगंधर्वांची साडी. पुरुष असून बाईपेक्षा बाई दिसण्याचं मराठी रंगभूमीचं जुनं कौतुक. लक्ष्याची पार्वती मात्र तमाशातल्या मावशीची सख्खी बहीण. पुरुष आहे हे लपत नाही, लपवलं जात नाही, आणि तरी नव्या घरमालकीण लीलाबाई काळभोर तिच्या डोहाळजेवणाची तयारी करतात. बंगाली मित्रांना 'जात्रा' नाटकांतल्या चपल राणीची, म्हणजे चपल भादुडींची आठवण होईल. या दोन साड्या शेजारी शेजारी ठेवणं हे मूळ कथेत असण्याची गरज नव्हती. मराठीत ते आपोआप झालं, कारण लेखक वगातून आलेला होता. डोहाळजेवणापर्यंत गोष्ट ताणावी आणि तरी ती तुटू नये, हे कसब 'गोलमाल'मधल्या मेलेल्या आईच्या तोडीचं आहे. नाटकातही ('सौजन्याची ऐशी तैशी', 'गेला माधव कुणीकडे') सबनीस हेच करत राहिले: एक अडचण, आणि तिच्यातून निघायला केलेली दुसरी.

आता शैलेश दे यांच्या दोन गोष्टींचा पुढचा प्रवास. मिशीची गोष्ट १९८१ साली तमिळमध्ये गेली, 'तिल्लू मुल्लू' नावानं, दिग्दर्शक के. बालचंदर. मारामारीच्या भूमिकांत नाव काढलेल्या रजनीकांतनं पहिल्यांदाच पूर्ण विनोदी नायक केला. म्हणजे कोलकात्याच्या लेखकाची मिशी मुंबईत पालेकरांनी लावली आणि मद्रासला शिवाजीराव गायकवाडांनी, म्हणजे याच रजनीकांतनं. दोन्ही वेळा मराठी ओठावरच. घराची गोष्ट तर २०१७ मध्ये 'जिओ पागला' या बंगाली चित्रपटाच्या रूपानं इथेच परत आली, आणि आली ती मराठीवरून. आजोळची गोष्ट नातवानं आजीला सांगावी तसं झालं. तो चित्रपट काही मला विशेष भावला नाही. सगळे तरुण इतके सुस्थितीतले दिसतात की यांना जागा का मिळत नाही हेच कळत नाही.

तिथेच गाडी घसरते. पुण्यात आणि कोलकात्यात आजही जागा शोधणाऱ्या पोरांना विचारा. अटी कमी झालेल्या नाहीत. बॅचलर नकोत, मांसाहार नको, रात्री दहानंतर दार बंद, अमुक आडनाव असेल तर पुढच्या महिन्यात फोन करा. लग्न न करता एकत्र राहणारी जोडपी मंगळसूत्र घालून खोली बघायला जातात. शैलेशबाबू असते तर त्यांना दोन नाटकं मिळाली असती. इथे बसलेल्यांपैकी कुणी त्यावर लिहायला बसलाच, बंगालीत किंवा मराठीत, तर त्यानं साडीपासून सुरुवात करू नये. आधी मालक लिहावा, त्याला त्याची अट मनापासून पटलेली असावी, आणि ती पटण्यामागे खरं कारण असावं. सबनिसांच्या चित्रपटातही आधी भेटतात ते सरपोतदार. लीलाबाईंचं घर मागाहून येतं.